श्रीसंत गाडगेबाबा : खराटा, पाणी आणि पाठशाळा

ज्यांच्या प्रतिमेस पुष्पहार घातल्यावाचून आपल्या मंडळाच्या कोणत्याही सभेचा प्रारंभ होत नाही, त्या श्रीसंत गाडगेबाबांचे चरित्र या स्मरणिकेत पुन्हा कशासाठी, असा प्रश्न काही समाजबांधवांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बाबांचे छायाचित्र आपल्या घरोघरी आहे. डोक्यावर खापर, हाती खराटा, अंगात ठिगळांचा अंगरखा, हे रूप आपली शाळकरी मुलेसुद्धा ओळखतात. परंतु रूप ओळखणे निराळे आणि कार्य ओळखणे निराळे. संपादक मंडळाने आम्हांस लेख मागितला तेव्हा आम्ही बाबांविषयीच लिहिण्याचे ठरविले, त्यास कारण घडले ते आपल्याच वसतिगृहातील एक गोष्ट. ती यथास्थळी सांगू. प्रथम चरित्र.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे बाबांचे मूळ नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वऱ्हाडात आपल्या समाजास वरठी असेही म्हणतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. वडील झिंगराजी आणि आई सखूबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु त्या काळच्या रूढीप्रमाणे देवकार्य म्हणजे बोकड आणि बोकडाबरोबर दारू, हा क्रम आपल्या समाजात घरोघरी चालू होता. झिंगराजी त्या व्यसनात सापडले, शरीराने व संसाराने खचले आणि १८८४ साली, मुलगा अवघ्या आठ वर्षांचा असताना, निवर्तले. सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या आणि डेबूचे बालपण तेथे मामा चंद्रभानजी यांच्या घरी गुरे राखण्यात व शेतातील कामात गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. ज्या १८८४ साली हा पोरका मुलगा दापुऱ्यास गुरे हाकीत होता, त्याच साली रॉबर्ट कॉख नावाचा जर्मन शास्त्रज्ञ कलकत्त्यास पटकीच्या रोग्यांची व तेथील तळ्यांच्या पाण्याची तपासणी करीत होता. पटकीचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू त्याने तेथे निश्चित केला. रोग्याच्या मलातून तो जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यातून निरोग्याच्या पोटात जातो, हे तेव्हापासून शास्त्राने मान्य केले. त्या शास्त्रज्ञाचे नाव डेबूच्या कानी आयुष्यात कधी पडले असेल असे वाटत नाही. परंतु पुढे जे या निरक्षर मनुष्याने हाती खराटा घेऊन नदीकाठी केले, ते त्या शोधास अगदी धरून होते.

बाबांचा मुलूख पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. या खोऱ्यातील पुष्कळ गावे खारपाणपट्ट्यात मोडतात. जमीन काळी आणि कसदार, पण भूगर्भातील पाणी खारट. विहिरीस पाणी आहे आणि तरी पिण्यास पाणी नाही, अशी तेथील अवस्था. आपल्या धंद्यातील वयोवृद्ध मंडळींस हे अधिक सांगावयास नको. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपड्याचा मळ सुटत नाही आणि नीळही नीट चढत नाही. गोड पाण्याची एखादी विहीर असली तर तिच्यावर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये याचे नियम कडक. पाण्याचे मोल आणि पाण्यापायी होणारा अपमान, दोन्ही गोष्टी डेबूजींनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिल्या असल्या पाहिजेत.

मामांची शेती सावकाराच्या कर्जात बुडाली आणि त्या दुःखात मामा गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा हा तरुण भाचा त्यांस सामोरा गेला व ती माणसे परत गेली. ही हकीकत त्यांच्या सर्व चरित्रकारांनी दिली आहे. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या कन्येच्या बारशाचा प्रसंग मात्र आपण विसरता कामा नये. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू द्यावयाची, तेथे डेबूजींनी पंगतीस गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रागावले, मानकरी रुसले, जातीची रीत मोडली म्हणून बोलणी झाली. आज ज्यांच्या जयंतीस आपण हार घेऊन धावतो, त्यांना पहिला विरोध आपल्याच पूर्वजांनी केला, हे या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. खरे ते खरे.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. तेथील स्नानाने मनुष्य ऋणातून मुक्त होतो अशी श्रद्धा. सावकाराच्या ऋणाने ज्याचे मातुलगृह धुऊन नेले, त्या डेबूजींस या नावाचे काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. त्यांनी तेथे जाऊन पाहिले ते निराळेच. नदीचा उतार काळ्या मातीचा, निसरडा. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया त्या चिखलात घसरत होत्या. डेबूजींनी स्नानाचे पुण्य बाजूस ठेवले आणि टोपली व फावडे घेऊन माती-मुरूम टाकून वाट बांधावयास घेतली. दुबळ्यांस हात धरून पाण्यापर्यंत नेले आणि वर आणले. त्याच ठिकाणी १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीने पूर्णेवर घाट बांधला गेला. बाबांच्या सार्वजनिक कार्यातील पहिले बांधकाम म्हणजे देऊळ नव्हे, पाण्यापर्यंत जाण्याची पायवाट होय. परटाच्या मुलाला घाटाची किंमत कळावी यात नवल ते काय?

त्यापूर्वीच, १ फेब्रुवारी १९०५ रोजी रात्री, वृद्ध आई, पत्नी आणि मुले यांस घरी ठेवून ते बाहेर पडले होते. वय एकोणतीस भरत आलेले. पुढे अनेक वर्षे गावोगाव भटकंती केली. मिळेल ते खावे, मिळेल तेथे पडावे, कोणी मारले तर मार सोसावा. फुटक्या मडक्याचे खापर हेच त्यांचे ताट, हाच पाणी पिण्याचा पेला आणि उन्हापावसात हीच टोपी. त्या खापरावरून गाडगेबाबा हे नाव पडले. अंगावरील चिंध्यांवरून कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडेबुवा. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच. एका पायात एक जोडा, तर दुसऱ्यात निराळाच. घरी मागे राहिलेल्या माणसांचे हाल झाले, हेही लिहिले पाहिजे. कुंताबाईंचा त्याग बाबांच्या त्यागाहून उणा नव्हता आणि त्याचे गोडवे मात्र फारसे कोणी गायिले नाहीत.

बाबांच्या कार्याची पद्धत ठरलेली असे. एखाद्या गावात शिरले की प्रथम खराटा. देवळासमोरचे पटांगण, चावडी, गल्ल्या, सांडपाण्याची गटारे, विहिरीभोवतीची घाण, जेथे म्हणून केर दिसे तेथे ते वाकून झाडावयास लागत. वेडा कोणी आला असे समजून पोरे मागे लागत. नंतर मोठी माणसे येत. ओशाळून कोणी दुसरा खराटा आणी, कोणी घमेले आणी, आणि दुपार होईतो अर्धा गाव कामास लागलेला असे. काम झाल्यावाचून ते कोणाच्या भाकरीस हात लावीत नसत. फुकटचे खाणे त्यांस मान्य नव्हते. पायांस कोणी हात लावू गेल्यास काठी उगारीत. दिवसा गाव झाडून झाले की रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

आम्ही अध्यापनाचा व्यवसाय केला असल्यामुळे बाबांच्या कीर्तनातील अध्यापनकौशल्य आम्हांस विशेष भावते. ते उपदेश करीत नसत, प्रश्न विचारीत. वऱ्हाडी बोलीत, अगदी साधे प्रश्न. श्रोत्यांनी उत्तर द्यावे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघावा, आणि शेवटी नवसाचा बोकड, लग्नाचे कर्ज, दारू, शिवाशीव यांपैकी एखादी गोष्ट श्रोत्यांच्याच तोंडून खोटी ठरावी, असा तो क्रम. मध्येच गोपाळाचा गजर. शिक्षणशास्त्राच्या पदविकेत आम्हांस प्रश्नोत्तर पद्धतीचे पाठ घ्यावे लागत आणि त्यासाठी टाचण काढता काढता आम्ही जेरीस येत असू. बाबांनी कोणते टाचण काढले होते? मुलांस शिकविण्याचा त्यांचा आग्रह विलक्षण होता. ताटवाट्या मोडाव्या लागल्या तरी मोडाव्या, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोस स्वस्तातले लुगडे घ्यावे, परंतु मुलाची शाळा चुकवू नये, अशा आशयाचे ते सांगत. स्वतः ज्याने पाटी धरली नाही त्याने हे सांगावे, म्हणून लोकांस ते पटे.

पंढरपूरचे त्यांचे कार्य तर या सर्वांवर कळस आहे. आषाढी-कार्तिकीस लाखो वारकरी जमत. चंद्रभागेचे वाळवंट हेच त्यांचे निवासस्थान, तेच स्नानगृह आणि तेच शौचकूप. पिण्याचे पाणीही त्याच नदीचे. यात्रेत पटकी उद्भवली की परतणारे वारकरी ती आपापल्या गावी घेऊन जात आणि एकेका गावात घरेच्या घरे ओस पडत. लहान मुले प्रथम दगावत, कारण जुलाब लागले की लहान देहातील पाणी काही तासांतच आटते. पुढे सरकारने पंढरीच्या वाटेवर लस टोचण्याची सक्ती केली, नळाचे पाणी आले. परंतु ते सर्व होण्याच्या कितीतरी आधीपासून बाबा वारी फुटल्यावर वाळवंटात खराटा घेऊन उतरत. देवळात विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्यास ते जात नसत. देवाच्या दारची घाण काढणे हीच त्यांची वारी.

आणि त्या पंढरीत अस्पृश्य गणल्या गेलेल्या वारकऱ्यांस तर निवाऱ्यासही जागा नव्हती. ज्याला निवारा नाही त्याला पाण्याचा घडाही नाही आणि आडोसाही नाही. बाबांनी लोकवर्गणीतून तेथे चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा उभारली. त्यानंतर नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झाले. आंधळे, पांगळे आणि महारोगी यांच्यासाठी अन्नवस्त्राची सोय ते यात्रांच्या वेळी करीत. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्या महारोग्यांस स्वतःच्या हाताने स्नान घालीत. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर उभे राहिले. त्यांतील एक पैसाही आपल्या कुटुंबाकडे त्यांनी वळू दिला नाही. त्यांच्या घरची माणसे ऋणमोचनास झोपडीत राहिली. १९२३ साली एकुलता एक मुलगा गोविंद गेला. ती वार्ता कळली तेव्हा ते कोकणात कीर्तनास उभे होते. कीर्तन त्यांनी थांबविले नाही. यावर आम्ही काही अधिक लिहीत नाही. आम्हांस ते जमणारे नाही, एवढेच म्हणतो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळील धर्मशाळेविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहावयास हवे. खेड्यातून रोग्यास घेऊन आलेले नातेवाईक रस्त्याच्या कडेला पथारी पसरीत. रोग्याच्या उशाशी बसणारी आई सकाळी तोंड कोठे धुणार, मुलाचे लंगोट कोठे धुणार, शौचास कोठे जाणार, याचा विचार रुग्णालय बांधणाऱ्यांनी केलेला नसतो. औषध आत असते आणि रोगाचे बी दाराबाहेरच्या गटारात असते. बाबांनी रोग्यांच्या नातलगांसाठी तेथे धर्मशाळा उभी करविली. पुढे त्यांच्या नावाने दादरलाही धर्मशाळा निघाली आणि तेथे कर्करोगाच्या असंख्य रोग्यांची सोय झाली. आमच्या घरातील एका बाळंतपणाच्या वेळी आम्ही एका आरोग्यकेंद्रात रात्र काढली आहे. केंद्राचे नाव सांगत नाही. इमारत नवी, भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचे रंगीत चित्र, आणि चित्राखालचा नळ कोरडा. परिचारिका बिचारी प्रामाणिक होती. तिच्या हातांवर आम्ही स्वतः तांब्याने पाणी घातले. त्या रात्री बाबांची फार आठवण झाली. मूल सुखरूप आले, हे परमेश्वराचे उपकार.

शिक्षणाच्या क्षेत्रातील थोर पुरुषांशी बाबांचा स्नेह होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे जे महाविद्यालय काढले, त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बाबांच्या मनात परम आदर होता आणि पंढरपूरच्या वसतिगृहाची इमारत त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या बाबासाहेबांस लहानपणी शाळेत हाताने पाणी घेण्याची मनाई होती आणि शिपायाने वरून ओतले तरच घोटभर मिळे, त्यांच्या हाती ही वास्तू जावी, यात केवढे औचित्य! ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि सर्व संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे गेला. आपला कोणी शिष्य नाही, आपण कोणाचे गुरू नाही, आपली गादी नाही, हे बाबांनी वारंवार बजावून ठेवले होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. ते शेवटचे ठरले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीस मोटारीने नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. नदीकाठी सुरू झालेले कार्य नदीकाठीच थांबले. अमरावतीस ज्या भागात त्यांची समाधी आहे, तो आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठासही पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाच्या पदव्या आज हजारो मुले घेतात.

बाबांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. रा. रा. पाटील त्या वेळी ग्रामविकासमंत्री होते. तेव्हा आम्ही सेवेत होतो व त्या अभियानात आम्ही मनापासून भाग घेतला. प्रभातफेऱ्या काढल्या, मुलांच्या हाती खराटे दिले, गावातील उकिरडे हलविले. अभियानाने पुष्कळ गावांचे रूप पालटले, ही वस्तुस्थिती आहे. आमच्या वर्गातील परटाच्या मुलांची मान त्या दिवसांत ताठ असे, कारण भिंतीवर रंगविलेला मनुष्य त्यांच्या घरचा होता.

परंतु याच काळातील एक गोष्ट आजवर आम्ही कोठे बोललो नव्हतो. आमच्या शाळेत तपासणी समिती येणार म्हणून मुलींसाठी दोन शौचालये नवी बांधली. फरशी पांढरी, दारास निळा रंग. पाण्याची टाकी मात्र बसली नाही, कारण निधी संपला. पाण्यावाचून ती घाण होतील म्हणून दारांस कुलूप घातले आणि किल्ली कार्यालयातील खिळ्याला लावली. समिती आली, कुलूप काढले, गुण मिळाले, पुन्हा कुलूप. पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्यास ओगराळे होते. परंतु ते ओगराळे वर्षभरात केव्हा हरवले हे आमच्या ध्यानातही आले नाही आणि मुले पेला धरलेला हात मनगटापर्यंत रांजणात बुडवू लागली. जुलाबाची साथ आली की आम्ही हजेरीपटावर तांबडी शून्ये मांडीत बसू. सातवीतील एक मुलगी, आपल्याच समाजातील, गणितात हुशार, दिवाळीनंतर शाळेत आली नाही. आम्ही घरी चौकशीस गेलो. तिच्या आईने मान खाली घालून जे सुचविले ते कळण्यास आम्हांस, पुरुष मास्तरांस, थोडा वेळ लागला. मुलगी मोठी झाली होती. दिवसभर शाळेत तिने जावे कोठे? किल्ली आमच्याच पाठीमागच्या खिळ्यास होती. ती आम्ही मागितली असती तर कोणी नाही म्हणाले नसते.

त्यानंतर आम्ही ते कुलूप काढविले. रोज प्रत्येक वर्गाने चार बादल्या पाणी आणून पिंपात भरावे असा नेम केला आणि त्या नेमातून मुलांस वगळून केवळ मुलींस जुंपण्याची जी पद्धत असते ती मोडली. हात धुण्यास राख ठेवली, पुढे गावातील एका दुकानदाराने साबणाच्या वड्या दिल्या. साबणाच्या वड्या चोरीस जात. मग त्या जाळीच्या पिशवीत बांधून खांबास टांगल्या. रांजणास तोटी बसविली तेव्हा बुडविलेल्या हातांचा प्रश्न मिटला. तोटीस लागलेला खर्च हा एका सत्कारातील शाल-श्रीफळाहून कमी होता. ती मुलगी मात्र परत आली नाही. वैशाखात तिचे लग्न झाले.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि त्यात प्रत्येक शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी निरनिराळी स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत असे स्पष्ट लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ व २०१२ साली राज्यांस तसे आदेश दिले. २०१४ साली केंद्र सरकारने वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींचे स्वतंत्र शौचालय बांधण्याचा संकल्प सोडला. बांधकामे पुष्कळ झाली. पण बांधणे हा एक दिवसाचा समारंभ असतो आणि झाडणे हे रोजचे काम असते. बाबांनी दुसरे निवडले होते.

आता वसतिगृहाची गोष्ट. गेल्या जयंतीस आम्ही आपल्या मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहात गेलो होतो. सभागृहात बाबांची नवी तसबीर लागली आहे, चौकट सुरेख आहे, देणगीदारांची नावे खाली कोरली आहेत. आमचेही नाव त्यांत आहे. कार्यक्रमास पदाधिकाऱ्यांनी नवे खराटे हाती धरून अंगण झाडले आणि छायाचित्रे निघाली. कार्यक्रम आटोपल्यावर आम्हांस हात धुवावयाचे होते म्हणून मागील बाजूस गेलो, तर नळास पाणी नव्हते. एक विद्यार्थी धावत आला आणि म्हणाला की सकाळी दहानंतर पाणी येत नाही, टाकी लहान आहे. तो रोज शौचास नाल्याकडे जातो, हे त्याने आम्ही विचारल्यावर सांगितले. आपणहून तक्रार केली नाही. त्यास वाटले, वसतिगृहात जागा मिळाली हेच पुष्कळ.

आम्ही दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन पुन्हा गेलो. मुले ४२ आहेत. टाकी ५०० लिटरची एकच. जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी जी प्रमाणे ठरविली आहेत, त्यांप्रमाणे दिवसाच्या शाळेत माणशी ५ लिटर आणि निवासी शाळेत माणशी २० लिटर पाणी रोज लागते, आणि शौचालयात ओतावयाचे पाणी त्याहून निराळे. म्हणजे नुसत्या मुलांसाठीच ८४० लिटर हवे. त्याच प्रमाणांत मुलांच्या बाबतीत ५० जणांमागे एक शौचालय व जोडीस मुतारी सांगितली आहे. आपल्याकडे शौचालये दोन आहेत, परंतु एकात जुनी बाके आणि गेल्या अधिवेशनाचे फलक ठेवले आहेत. हात धुण्याची जागा एक, ती स्वयंपाकघराच्या आत, आणि स्वयंपाकघरास जेवणाच्या वेळेखेरीज कडी. पुढील वर्षापासून मुलींचे वसतिगृह काढण्याचा ठराव आपण संमत केला आहे. मुलींच्या बाबतीत प्रमाण २५ जणींमागे एक असे आहे, आणि वापरलेली वस्त्रे धुण्यास व वाळविण्यास आडोसा लागतो, हे ठरावात कोठेही आलेले नाही. ठराव लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो.

हजार लिटरची आणखी एक टाकी, गच्चीवर ती ठेवण्यास विटांचा चौथरा, स्वयंपाकघराच्या बाहेरील भिंतीस सहा तोट्यांची पन्हळ, आणि अडगळीच्या शौचालयाची मोकळीक, एवढ्यात मुलांची सोय होते. आजी विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने झाडावे आणि त्या पाळीत अधीक्षकांचेही नाव असावे. आपल्या समाजातील दोन गवंडी आणि एक नळकाम करणारे गृहस्थ मजुरी न घेता काम करण्यास तयार झाले आहेत. साहित्याचा अंदाज आम्ही तीन दुकानांतून घेतला आहे. यंदाच्या अधिवेशनात मिरवणुकीस जी रक्कम राखून ठेवली आहे, तिच्या निम्म्याहून थोड्या कमी पैशांत हे सर्व बसते. मिरवणूक काढू नये असे आमचे म्हणणे नाही. बँडपथक एक कमी करावे, एवढेच आम्ही सुचवितो. अंदाजाचा कागद व मोजमापाचा नकाशा आम्ही मंडळाच्या चिटणीसांकडे दिला असून वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय सहाव्या क्रमांकावर आला आहे. प्रतिमापूजन पहिल्या क्रमांकावर आहे. समाजबंधू-भगिनींनी सहावा विषय येईपर्यंत सभागृहात बसून राहावे, ही नम्र विनंती.